घराचं काम काढलंय, भिंती उघड्या आहेत, फायबर नेटसाठी आत्ताच काय काय करून घ्यावं?

पेठेतली_सून:

नमस्कार मंडळी. आमचं घर सोलापुरात साखर पेठेत, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. खाली दगडी भिंती, चांगल्या दीड-दोन फूट जाड, वर पूर्वी माळवद होतं ते काढून स्लॅब टाकलाय आणि त्यावर विटांच्या तीन खोल्या. आता जुनी वायरिंग सगळी उपटून नवीन कन्सील्ड करतोय, कटर मारून झालंय बऱ्याच ठिकाणी, पुढच्या आठवड्यात प्लास्टरवाले येतील. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते, वरच्या मागच्या खोलीत बसते, त्यामुळे नेट नीट पाहिजे म्हणजे पाहिजेच. आत्तापर्यंतचं कनेक्शन खिडकीच्या फटीतनं आत घेतलं होतं, ती खिडकी पूर्ण लागायचीच नाही आणि संध्याकाळी डास आत.

कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर म्हणतो "नेटवाले आले की बघू मॅडम, ते वरनं पट्टी मारून देतात". मला पट्टी नकोय, एवढा खर्च करून परत भिंतीवरनं पांढरी पट्टी फिरवायची असेल तर काय उपयोग. फायबरची केबल मीच विकत आणून भिंतीत टाकून ठेवू का? राऊटर कुठे ठेवायचा म्हणजे खाली-वर दोन्हीकडे मिळेल? सासऱ्यांना लँडलाईन हवाच आहे, त्यांच्या सगळ्या डायऱ्यांत तोच नंबर. आणि लाईट गेली की नेट जातं त्याचं काही करता येतं का आत्ताच?

कटर_आणि_पाना:

ताई, केबल विकत आणू नका. पाइप टाका, रिकामा. कंपनीवाले आपली केबल आपण घेऊन येतात, तुम्ही टाकलेल्या केबलला बहुतेक जण हात लावत नाहीत, आणि समजा लावला तरी उद्या कंपनी बदलली किंवा आत कुठं तुटली तर काय करणार, परत भिंत फोडणार? पाइप असला की जुनी ओढून काढायची, नवीन घालायची, विषय संपला.

आता पाइप कसा ते नीट सांगतो कारण इथंच घाण होते. लाईटचा पाइप वेगळा आणि नेटचा वेगळा. वायरमन म्हणेल "एवढ्या पाइपात जागा आहे की, यातनंच घालतो". नाही म्हणायचं. नेटची लॅन केबल (राऊटरपासून पुढं खोल्यांत जाते ती) तांब्याची असते, तिच्या शेजारनं २३० व्होल्टची वायर गेली तर सिग्नलला त्रास होतो तो वेगळा, पण कधी इन्सुलेशन सोलवटलं तर करंट थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत. दोन पाइपांत वीतभर तरी अंतर ठेवा, आणि आडवे-उभे एकमेकांना छेदायचेच असतील तर काटकोनात छेदू दे, बरोबरीनं लांबपर्यंत पळवू नका.

साइज २५ मिमी घ्या, म्हणजे आपला एक इंची. १९-२० चा स्वस्त पडतो म्हणून वायरमन तोच आणेल, पण फायबरच्या टोकाला कनेक्टर बसवलेला असला की तो बारीक पाइपाच्या बेंडमध्ये हमखास अडकतो. बेंडपण एल्बो वापरू नका, लांब वळणाचा बेंड घ्या. दोन बॉक्सच्या मध्ये दोनच बेंड, तिसरा आला की मध्ये एक जंक्शन बॉक्स ठेवा, वरनं ब्लँक प्लेट मारली की दिसतपण नाही. आणि प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी आत्ताच घालून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवा. सुतळी नको, ती कुजते आणि ओढताना आतच तुटते.

जुळेवाला_निवांत:

एवढा उपद्व्याप कशाला? आमच्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये हॉलला एक डबा, बेडरूममध्ये मेशचा (वायफाय पुढं पोचवणारा) दुसरा डबा, झालं. टू बीएचकेमध्ये सगळीकडे फुल्ल रेंज येते. आता जमाना वायरलेसचा आहे, भिंती फोडून केबल टाकणं म्हणजे २००५ सालचं काम वाटतं मला तरी. तेवढ्या पैशात चांगला मेश येतो.

कडक_भाकरी:

काय बे जुळेवाल्या, तुझ्या फ्लॅटला चार-सहा इंचाच्या भिंती, त्यांचं घर बघ की जरा. दगडाची भिंत दोन फुटाची हाय, मध्ये स्लॅब हाय. आमच्या आत्याच्या वाड्यात सोप्यातला राऊटर माजघरात गेलं की गप्प बसतो, दार उघडं ठेवून बसायचे सगळे रेंजसाठी. तू काय सांगूलालास मेश मेश.

हिरवा_कनेक्टर:

मी फायबर बसवायचंच काम करतो (कंपनी सांगत नाही, उगाच धंदा मागितल्यासारखं होतं). वरचे दादा पाइपाचं बरोबर बोललेत. मेशचं असं आहे की दोन डबे एकमेकांशी वायफायनंच बोलतात, मध्ये दगडी भिंत असली की त्यांचं आपापसातलंच बोलणं तुटक होतं, मग दुसऱ्या डब्याला कांड्या पूर्ण दिसतात पण स्पीड काही येत नाही. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जाड भिंतीत लई मार खातो, २.४ चा त्यातल्या त्यात जातो पण पेठेत शेजारपाजारच्या दहा-वीस राऊटरांचा त्यात गोंगाट. मेश वाईट नाही, पण दोन डब्यांच्या मध्ये लॅन केबल असेल तर. म्हणजे केबल आलीच.

आता माझ्या बाजूनं. सगळ्यात आधी हे बघा की तुमच्याकडे फायबर कुठल्या खांबावरनं येणार. लोक दाराच्या बाजूला झकास पाइप काढून ठेवतात आणि आमचा बॉक्स असतो मागच्या बोळातल्या पोलवर. मग आम्ही घराला वळसा घालून केबल आणायची आणि तुम्ही म्हणायचं भिंत खराब केली. ज्या कंपनीचं घ्यायचंय त्यांच्या माणसाला प्लास्टरच्या आधी एकदा नुसतं बघून जायला सांगा, दोन कंपन्यांना विचारलंत तर अजून चांगलं.

बाहेरच्या भिंतीतलं भोक आतून बाहेर उतरतं पाहिजे, थोडासाच उतार, नाहीतर पावसाचं पाणी केबलवरनं ओघळत पाइपातनं थेट आतल्या बॉक्समध्ये. बाहेर केबल भोकात शिरायच्या आधी खाली एक झोल सोडायचा असतो म्हणजे पाणी तिथंच टपकतं. हे आमच्या पोरांनापण सांगावं लागतं, घाईत असतात. आणि खांबावरनं येणाऱ्या केबलला ताणासाठी एक स्टीलची तार असते बऱ्याचदा, ती बाहेरच हुकाला बांधून तिथंच संपवायची, घरात आणायची नाही. विजेच्या कडकडाटात ती तार आत नसलेली बरी. त्यासाठी बाहेरच्या भिंतीत एक भक्कम हुक आत्ताच गवंड्याकडून बसवून घ्या.

मुरडण्याचं सांगतो. आत वापरायची जी चांगली फायबर असते, जी.६५७ ए२ म्हणतात, ती साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळली तरी चालते, पण ते आतल्या काचेच्या तंतूचं झालं. खांबावरनं घरात येते त्या ड्रॉप केबलला, वरच्या जाड कव्हरसकट, निदान ३० मिमी त्रिज्या द्यावी. एल्बो नको म्हणतात ते त्यासाठी. केबल मोडली की आतली लाइट (प्रकाश) गळते, आमच्या प्रकाश मोजायच्या मीटरवर आकडा खाली जातो, चालत असतं तोवर चालतं आणि एक दिवस डब्यावर लाल एलओएस (सिग्नल गेल्याचा दिवा) लागतो.

पेठेतली_सून:

बापरे, खूप माहिती मिळाली, धन्यवाद सगळ्यांना. आज दोन कंपन्यांचे लोक येऊन गेले. एकाचा बॉक्स रस्त्याच्या बाजूच्या पोलवर आहे आणि दुसऱ्याचा खरंच मागच्या बोळात! मग दोन्हीकडे पाइप काढून ठेवू का? आणि तो मीटरवरचा आकडा किती असला म्हणजे चांगला, बसवायला आले की मी बघून घेईन.

अजून एक, आमचे वायरमन म्हणतात की तो फायबरचा डबा (केबल जिथं संपते तो वायफायचा) लाईटच्या मीटरच्या पेटीशेजारी एमसीबीच्या लोखंडी बॉक्समध्येच बसवू, "एकदम क्लीन दिसतं". करू का?

कटर_आणि_पाना:

दोन्हीकडे काढा, आत एकाच बॉक्सला आणून जोडा, आत्ता पाइपाला किती लागतात. लोखंडी पेटीत डबा अजिबात नको ताई!! वायफाय पेटीच्या बाहेरच पडणार नाही. लाकडी कपाट करा, दाराला जाळी किंवा फटी ठेवा म्हणजे गरम होणार नाही, आणि आत तीन तरी प्लगपॉइंट. एक डब्याला, एक राऊटर वेगळा असेल तर त्याला, एक नेटच्या स्विचला (लॅनचे फाटे फोडतो तो डबा) किंवा सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला. एकच पॉइंट ठेवला की मल्टिपिन लटकत बसतो.

आणि हे तीन पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. वायरिंग नवीन होतंय म्हणजे इन्व्हर्टरची लाईन वेगळी टाकणारच ना, त्यात हे आत्ताच सांगितलं तर काम सोपं आहे, नंतर सांगितलं तर परत खाच मारा. इन्व्हर्टर घ्यायचा नसेल तर छोटा १२ व्होल्टचा राऊटर यूपीएस मिळतो, पण डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या, बहुतेक १२ व्होल्टच असतात पण सगळेच नाही.

हिरवा_कनेक्टर:

आकडा उणे डीबीएममध्ये (प्रकाशाच्या ताकदीचं माप) असतो. उणे १५ ते उणे २४-२५ पर्यंत बिनधास्त. उणे २७-२८ च्या आसपास गेलं की डब्याला लाइट ओळखूच येईना होते, तिथं आज चालतंय म्हणून सोडू नका, परत जोड मारायला लावा. आता मीटर नसला तरी बऱ्याच डब्यांच्या सेटिंगच्या पानावर "आरएक्स पॉवर" म्हणून दिसतो. बसवलं त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा, पुढं तक्रार करताना "आधी उणे २० होतं आता २६ झालंय" असं म्हटलं की समोरचा ऐकतो.

हिरवा कनेक्टर हिरव्यातच जातो, निळा त्यात घालायचा नाही, टोकाची काच वेगळ्या कोनात घासलेली असते. आणि केबलच्या तोंडात डोळा घालून "लाइट येतेय का" बघू नका कुणी, तो प्रकाश दिसत नसतो पण असतो. लहान मुलं असली तर कपाटाला कडी ठेवा.

डबा कुठं ठेवायचा याबद्दल माझं वेगळं मत आहे. काही लोक सांगतात फायबर घराच्या मधोमध आणा. मी म्हणतो फायबर जिथं आत येते तिथनं जवळच संपवा, आणि तिथून पुढं लॅन केबल घरभर न्या. लॅन केबलला आठ तारा, काही बिघडलं तरी कुठलाही वायरमन दुरुस्त करतो, फायबर तुटली की आमची मशीन यायची वाट बघत बसायचं. तुमच्या केसमध्ये पाइप दोन्हीकडून येणार, म्हणून खालच्या मधल्या खोलीत जिन्याखाली कपाट करता येत असेल तर उत्तम, तिथनं सरळ वर पाइप.

लँडलाईनकाका:

सूनबाई, लँडलाईनचं मी सांगतो, टेलिफोन खात्यातच आयुष्य गेलं माझं. जुना नंबर फायबरवर नेता येतो, त्याच कंपनीचं फायबर तुमच्या भागात असलं तर. फायबरच्या डब्यालाच मागे फोनचं छोटं सॉकेट असतं, साधा हँडसेट त्यात लावायचा. सासऱ्यांचा फोन जिथं ठेवायचा तिथपर्यंत डब्यापासून एक वेगळी फोनची वायर पाइपातनं टाकून घ्या, किंवा लॅनचीच एक केबल जास्त टाका, तिच्यातल्या दोन तारांवर फोन चालतो.

एक फरक मात्र घरातल्या वयस्करांना सांगून ठेवा. जुन्या तांब्याच्या लाईनला एक्स्चेंजमधनं ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा, म्हणून गावभर अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरमध्ये तसं नाही, काचेतनं वीज येत नाही. डबा बंद म्हणजे फोन बंद. तेव्हा इन्व्हर्टरच्या लाईनचं वर जे सांगितलंय ते नेटसाठी नाही तर फोनसाठी करा असं सासऱ्यांना सांगा, खर्चाला लगेच हो म्हणतील :)

कडक_भाकरी:

काकांनी एकदम बरोबर नस पकडली.

वहिनी अजून एक, रस्त्याच्या बाजूचा पाइप खाली काढू नका, वरच्या मजल्याच्या उंचीवर काढा. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत ट्रकवरचं स्टेज लटकत्या वायरीला अडकतं आणि मग कुणीतरी काठीनं वर ढकलतो नाहीतर सरळ तोडतो. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाच्या मार्गावर तर आडव्या वायरींची अडचण असतेच, सात-सात ध्वज जाणार, तेवढी उंच काठी. त्यात पतंगाचा मांजा. तुमचा बोळातला पोल असेल तर मी तोच घेईन, तिकडनं मिरवणूक जात नाही. फक्त बोळात उंदीर-घुशी लई, पाइपाचं तोंड जमिनीजवळ ठेवू नका.

आणि जिन्याच्या वरच्या टोकाला, पत्र्याच्या शेडखाली डबा ठेवायचा विचार करत असाल तर नको. बहुतेक डब्यांवर ४० अंशापर्यंत चालतो असं लिहिलेलं असतं, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४०-४२ हाय, पत्र्याखाली विचारूच नका. दुपारी दोनला नेट बंद पडतं आणि संध्याकाळी आपोआप चालू होतं, लोकांना वाटतं कंपनीचा प्रॉब्लेम.

जुळेवाला_निवांत:

बरं बाबा, दगडी घराचं मान्य. पण लॅन केबल टाकायचीच तर कुठली? दुकानात कॅट ५ई, कॅट ६, कॅट ६ए सगळं सांगतात आणि कॅट ६ मध्येपण एक निम्म्या किमतीत मिळते.

कटर_आणि_पाना:

घरात कॅट ६ बास. १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट आरामात जातं, घरात कुठं १०० मीटर लागते. ६ए जाड असते, वळत नाही, वायरमन शिव्या देतो.

निम्म्या किमतीतली जी आहे ना तीच घेऊ नका, ती सीसीए असते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरनं तांब्याचा मुलामा. दुकानातच एक तार सोलून चाकूनं जरा खरवडा, आत पांढरं दिसलं की ठेवून द्या. शुद्ध तांब्याची आतपर्यंत लालसर दिसते. आणखी, सीसीए बंडल उचलताना हलकं लागतं. त्यातनं कॅमेऱ्याला पॉवर पाठवायची असेल तर सीसीए गरम होते, भिंतीत असलेली गरम केबल कुणाला पाहिजे.

३०५ मीटरचा बॉक्स येतो, तुम्हाला तेवढी लागणार नाही, किरकोळीत मीटरवर देतात. जिथं बसून वापरायचं तिथं एक नाही दोन केबली टाका. तुमच्या कामाच्या टेबलाजवळ दोन, टीव्हीमागे दोन, वरच्या पॅसेजच्या छताला एक (तिथं वायफायचा डबा लागेल), दाराच्या आणि गच्चीच्या कॅमेऱ्याला एकेक. मध्ये कुठंही जोड नाही! लाईटच्या वायरीसारखं पिळून टेप मारून जोड देतात काही जण, लॅनला ते चालत नाही. दोन्ही टोकांना मार्करनं एकच नंबर लिहायचा, नाहीतर जिन्याखाली दहा निळ्या केबली आणि कुठली कुठं जाते पत्ता नाही. केबल ओढतानापण जोर नको, दहा-अकरा किलोच्या वर ताण दिला की आतले पीळ सुटतात. अडकली तर मागं घ्या, बळजबरी करू नका.

पेठेतली_सून:

दादा, कॉन्ट्रॅक्टरला तुमचं सगळं वाचून दाखवलं. आधी तोंड वाकडं केलं, मग म्हणाला "दगडी भिंतीत एवढं आत कटर जाणार नाही, छिन्नी मारावी लागेल, दगड हलेल". याच्यावर काय?

कटर_आणि_पाना:

त्याचं खरं आहे. जुन्या दगडी भिंतीत आत मातीची भर असते, आडवी खाच मारली तर माती गळायला लागते. तिथं हट्ट करू नका. आडवं काही न्यायचंच नाही, फरशी बदलताय का? मग फरशीखालनं न्या, पाइप जाड घ्या आणि वरनं काँक्रीट टाका म्हणजे दबणार नाही. नाहीतर वरच्या विटांच्या भिंतीतनं आडवं नेऊन खाली पाहिजे तिथं उभं सोडा, उभी खाच दगडाच्या सांध्यातनं काढता येते. भिंतीच्या आरपार भोक मात्र डायमंड कोअर मशीनवाल्याकडनं मारून घ्या, छिन्नीनं मारलं तर एका भोकासाठी अख्खा दगड निखळतो. खाली पीओपी करणार असाल तर प्रश्नच मिटला, सगळं छतातनं.

आणि प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, मोजायची टेप भिंतीला लावून. नंतर टीव्हीचं स्टँड बसवायला कुणी ड्रिल मारायला आला की आधी फोटो दाखवायचा. केबली टाकून झाल्या की प्लास्टरच्या आधी टेस्टर लावून आठच्या आठ तारा बघून घ्या, टेस्टर वायरमनकडे नसेल तर सीसीटीव्हीवाल्याकडे असतो.

पेठेतली_सून:

फरशी बदलतोय! म्हणजे जमेल. मागच्या बोळाकडून एक पाइप, रस्त्याकडून वरच्या मजल्यावरून एक, दोन्ही जिन्याखालच्या कपाटात. सासरे इन्व्हर्टरला हो म्हणाले, काकांची युक्ती लागू पडली. शेवटचं विचारते, कनेक्शनचा अर्ज कधी करू? प्लास्टर झालं की लगेच?

हिरवा_कनेक्टर:

अर्ज करा पण बसवायची तारीख रंगाच्या नंतरची घ्या. पुट्टी घासताना जी पांढरी धूळ उडते ती डब्याच्या जाळीतनं आत जाऊन बसते, आणि रंगवाले केबल आडवी आली की कटरनं कापून मोकळे होतात. तोवर पाइपांच्या दोन्ही तोंडांना टोप्या लावून वर चिकटपट्टी मारा, नाहीतर प्लास्टरचा माल आत जातो आणि दोरी आतच पक्की होऊन बसते. बाहेरच्या तोंडाची टोपी तर आम्ही येईपर्यंत काढूच नका, कुंभारीण माशा मातीचं घर करतात आत. बसवल्यावर त्या भोकात सिलिकॉन मारून घ्या, आणि कपाटात निदान दीड-दोन मीटर केबल गुंडाळून जास्तीची ठेवायला सांगा, टोक खराब झालं तर तेवढ्यातच नवीन जोड मारता येतो. आमचा पोरगा घाईत कापायला लागला तर थांबवा त्याला.